घाटातल्या सायकल राइडची तयारी : गिअर, ब्रेक, खाणं, सराव (कोल्हापूर परिसर)

करवीर_चाक (धागाकर्ता)

पाऊस उघडला की आपल्याकडे आयोजित राइडच्या नोंदण्या सुरू होतात. पोस्टरवर १०० किलोमीटर, १५०० मीटर चढ असं काहीतरी असतं आणि बरेच जण त्यातल्या १०० कडे बघून तयारीला लागतात. बघायचा तो दुसरा आकडा. सपाटीचे १०० किमी रंकाळ्याला रोज फेऱ्या मारणारा माणूसही रेटून नेईल. १५०० मीटर चढ रेटून जात नाही. त्यासाठी पायांइतकीच सायकलचीही तयारी लागते, म्हणून हा धागा. ज्याला जे नीट माहीत आहे ते आकड्यांसकट लिहा.

आधी वेळेचं गणित. समजा १०० किमीत २७ किमी चढ, २७ किमी उतार आणि ४६ किमी बऱ्यापैकी सपाट. २७ किमीत १५०० मीटर म्हणजे सरासरी साडेपाच टक्के. मध्यम तयारीचा सायकलस्वार अशा चढावर ताशी १० किमीने जातो, म्हणजे चढालाच २ तास ४० मिनिटं. उतार सांभाळून ताशी ३० ने धरला तर ५५ मिनिटं, सपाट ताशी २२ ने दोन तास पाच मिनिटं. झाले ५ तास ४० मिनिटं. पाणी, खाणं आणि एखादं पंक्चर मिळून अर्धा तास धरा. सव्वासहा तास. कट-ऑफ (राइड संपवायची वेळमर्यादा) सात तासांचा असेल तर हाताशी पाऊण तासच उरतो. हे गणित आपल्या मार्गाचे आकडे घालून आजच करा, कारण पुढचं सगळं खाणं-पाणी याच तासांवर मोजायचं आहे.

मार्गाचा चढ-उताराचा आलेख बघताना सरासरीवर विसंबू नका. सहा किमीत ३०० मीटर म्हणजे पाच टक्के. पण मध्ये दीड किमी सपाट असेल तर उरलेल्या साडेचार किमीला ६.७ टक्के येतात. आपल्या भागातले चढ बहुतेक असेच तुटक आहेत. प्रत्येक चढाचा सगळ्यात खडा अर्धा किलोमीटर शोधा आणि गिअर त्याच्या हिशेबाने ठरवा.

सराव दहा आठवड्यांचा, आठवड्यातून चार दिवस:

मंगळवारी चढाच्या फेऱ्या. सुरुवातीला ४ फेऱ्या × ६ मिनिटं, सहाव्या आठवड्यापर्यंत ४ × १० मिनिटं. जोर एवढा की दोन-तीन शब्द बोलता येतील, पूर्ण वाक्य नाही. पहिली फेरी ज्या वेळात झाली त्याच वेळात शेवटचीही व्हायला हवी. शेवटची मागे पडत असेल तर पहिली फार जोरात मारली जातेय. शहरात टेंबलाईचा चढ किंवा विद्यापीठाकडून चित्रनगरीचा चढ पुरतो. जागा लहान असेल तर फेऱ्या वाढवा.

गुरुवारी तास-सव्वा तास एकदम सैल, पाय फिरवायला. शनिवारी तासभर मध्यम. रविवारी लांब राइड: ५०, ६०, ७०, मग एक आठवडा उतरून ४५, पुन्हा ७०, ८०, ९०, पुन्हा एक हलका आठवडा, आणि शेवटचे दोन आठवडे उतरते. लांब राइडच्या अंतरापेक्षा तिच्यातला चढ मोजा. मुख्य राइडच्या आधी एकदा तरी एका दिवसात १,१०० ते १,२०० मीटर चढ झालेला असावा. वाघबीळवरून पन्हाळा आणि परतीला केर्लीवरून जोतिबा जोडला की चढ भरपूर होतो आणि अंतर आटोक्यात राहतं. लांब अंतराला गगनबावड्याचा रस्ता चांगला. एका बाजूने साधारण ५५ किमी, आणि चढ शेवटाकडे, पाय थकल्यावर येतो. सराव नेमका तसाच हवा.

---

नवा_पेडल

दादा, माझी रोड बाइक आहे, पुढे ५० आणि ३४ दात्यांची चक्रं, मागे ११ ते २८ दात्यांची. वजन ७५ किलो. दुकानात म्हणाले की पाय तयार झाले की हेच गिअर पुरतात. कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलावी का?

---

स्पोक_निपल

@नवा_पेडल, बदला. का ते आकड्यांत सांगतो, म्हणजे 'पाय तयार झाले की' या वाक्याचं वजन कळेल.

चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ३४-२८ मध्ये (पुढे ३४, मागे २८) पेडलच्या एका फेरीला सायकल २.५५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या ठेवायच्या तर वेग ताशी १०.७ किमी. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या धरून ८५ किलो होतात. आठ टक्क्यांच्या चढावर हा वेग राखायला साधारण २२० वॅट लागतात. मागे ३४ दात्यांचं चक्र असेल तर एका फेरीला २.१ मीटर, त्याच ७० फेऱ्यांत ताशी ८.८ किमी आणि साधारण १८० वॅट. नव्याने तयारी करणाऱ्या बहुतेकांना १८० वॅट अर्धा-पाऊण तास झेपतात, २२० झेपत नाहीत. मग होतं काय, तर ११-२८ वाला माणूसही ताशी ८-९ नेच जातो, फक्त फेऱ्या ५५ वर येतात. प्रत्येक दाबाला गुडघ्यावर जास्त जोर पडतो, आणि तिसऱ्या चढाला गुडघ्याचा पुढचा भाग दुखायला लागतो.

आता बदलताना काय तपासायचं:

१. डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा, म्हणजे केज. शिमानो १०५ आर ७००० घेतला तर शॉर्ट केज ३० दात्यांपर्यंतच चालतो, मीडियम केज ३४ पर्यंत. डिरेलरच्या आतल्या बाजूला एसएस किंवा जीएस लिहिलेलं असतं. ते बघून मगच कॅसेट आणा.

२. चेनची लांबी. २८ वरून ३४ वर गेलात की जुनी चेन आखूड पडते, बहुधा दोन ते चार कड्या जास्त लागतात. आखूड चेनवर चुकून मोठी चेनरिंग आणि मागचं मोठं चक्र एकत्र लागलं की डिरेलर ताणला जातो आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) मोडतो. राइड तिथेच संपते. बसवल्यावर सायकल स्टँडवर चढवून हाताने, हळू, मोठं-मोठं लावून बघा. पिंजऱ्यात थोडा वाक शिल्लक दिसला पाहिजे.

३. बी-स्क्रू. मोठ्या चक्रावर असताना वरचं जॉकी व्हील (पिंजऱ्यातलं छोटं चाक) चक्राला घासत असेल तर बी-स्क्रू आत फिरवा. ५-६ मिमी फट पुरते.

४. एल लिमिट स्क्रू (डिरेलरला स्पोकच्या बाजूला जास्त सरकू न देणारा). घाटासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन ठेवून डिरेलर अंगठ्याने स्पोककडे ढकला. तो जागचा हलता कामा नये. हलला तर खड्या चढावर शेवटचा गिअर टाकताना चेन चक्र आणि स्पोकच्या मध्ये पडू शकते. सायकल उजव्या बाजूला पडलेली असेल किंवा गाडीच्या डिकीत दाबून आणली असेल तर आधी हँगर गेजवर सरळ करून घ्या. वाकड्या हँगरवर लिमिट स्क्रू कितीही फिरवला तरी गिअर नीट बसत नाहीत.

चेन मापून घ्या. ११ आणि १२ स्पीडला (मागे तेवढी चक्रं असलेल्या सायकलला) झीज ०.५ टक्के झाली की बदलायची, ८ ते १० स्पीडला ०.७५ पर्यंत चालते. चेकर नसेल तर स्टीलच्या पट्टीने बारा पूर्ण जोड-कड्या मोजा. नव्या चेनला ३०४.८ मिमी भरतात, ३०६.३ झाले की अर्धा टक्का झीज. नवी चेन जुन्या झिजलेल्या कॅसेटवर जोर लावला की उसळते, आणि ते नेमकं उभं राहून पेडल मारताना होतं. बदल काहीही असो, राइडच्या किमान दोन आठवडे आधी करा आणि त्यावर एक लांब राइड काढा.

शिफ्टरचं रबरी हुड उचलून केबलचं टोक बघायला विसरू नका. एखादी जरी तार सुटलेली दिसली तर केबल बदला. ती मधूनच तुटली तर मागे ११ दात्यांवर अडकाल, आणि ३४-११ वर पन्हाळा चढता येत नाही.

---

दख्खन_डोंगर

गिअरबद्दल थोडं वेगळं मत. सरसकट सगळ्यांना ११-३४ नको. ६० किलोच्या आतला, नियमित चढणारा माणूस ११-३० वर आरामात जातो. ११-३४ मध्ये मधल्या चक्रांतली अंतरं मोठी होतात. सपाटीवर घोळक्यात चालताना एक गिअर जड आणि पुढचा हलका, अशी गत होते. पहिले ३०-४० किमी सपाट असतील तर हे त्रासाचं ठरतं.

---

स्पोक_निपल

@दख्खन_डोंगर, ६० किलोच्या माणसाबाबत मान्य. पण चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. मोठी कॅसेट निघाली तर सपाटीवर थोडा लय बिघडतो. लहान निघाली तर उतरून ढकलायला लागते. शंका असेल त्याने मोठीच घ्यावी.

---

कळंबा_तळे

हायब्रिड आणि एमटीबीवाल्यांनी काय करायचं? दरवेळी चर्चा रोड बाइकवरच होते.

---

करवीर_चाक

@कळंबा_तळे, तुमच्याकडे गिअर आधीच भरपूर हलके आहेत, तिथे हात लावू नका. टायर बदला. गुंड्यांचे टायर काढून १.५ ते १.७५ इंचांचे सपाट टायर टाकले की सपाटीवरची बरीच दमछाक वाचते. पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर चढावर लॉक करायचा, उतारावर आठवणीने उघडायचा. हँडलला बार-एंड लावलेत तर हात बदलायला जागा मिळते. सहा तासांत तळहात बधिर होतात ते एकाच पकडीमुळे.

---

वळणावळणाने

चढावर माणूस दमतो, पण अपघात उतारावर होतात. म्हणून ब्रेकवर सविस्तर.

८५ किलो वजन ३०० मीटर खाली आणायचं म्हणजे अडीच लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. साध्या तापमानाचं पाऊण लिटर पाणी उकळायला लागेल एवढी ती उष्णता. तिच्यातली काही हवा खाते, उरलेली रिमवर किंवा रोटरवर (डिस्क ब्रेकच्या तबकडीवर) येते. उतारभर ब्रेक हलका धरून ठेवलात तर वेग कमी राहतो, हवा फारसं काही घेत नाही आणि सगळी उष्णता ब्रेकवर पडते. म्हणून सरळ पट्ट्यात ब्रेक सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकदम, घट्ट आणि थोडा वेळ लावा, आणि वळणात शिरण्याआधी सोडा. वळणाच्या आत पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं.

रिम ब्रेकवाल्यांनी पॅड काढून सुईने किंवा टोच्याने आत रुतलेले खडीचे आणि ॲल्युमिनियमचे कण काढावेत. लाल मातीच्या रस्त्यावर पावसाळाभर चाललेल्या सायकलीत ते हमखास असतात आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडतात. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की पॅड संपले. रिमवर बोट फिरवा. आतल्या बाजूला खोलगट लागली तर घाटात ती रिम नेऊ नका. कार्बन रिम आणि रिम ब्रेक असेल तर त्या रिमच्या कंपनीचेच पॅड, आणि लॅटेक्स ट्यूब अजिबात नको.

डिस्कवाल्यांनी पॅडच्या मसाल्याची जाडी बघावी. ०.५ मिमी ही शेवटची मर्यादा, पण घाटाच्या राइडला १ मिमीच्या खाली असेल तर बदलूनच जा. शिमानोचा रोटर नवा १.८ मिमी असतो, १.५ ला बाद. रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलेलं असेल तर मेटल पॅड लावायचे नाहीत. नवे पॅड लावल्यावर ते बसवून घ्यावे लागतात. ताशी २५ च्या वेगावरून चाक न अडकवता जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक, असं पंधरा-वीस वेळा. हे न करता थेट घाट उतरलात तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा होतो, ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

हायड्रॉलिकचा लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करून (ती हवा काढून) घ्या. शिमानोत मिनरल ऑइल जातं. त्यात डॉट फ्लुइड घातलं तर सील खराब होतात. आणि चेनवर स्प्रेचं तेल मारताना रोटर झाका. एक फवारा उडाला तर पॅड तेल पितात आणि ते धुऊन परत येत नाहीत.

हात ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) ठेवा, ब्रेकला पकड जास्त मिळते. वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर. मधली रेघ ओलांडायची नाही, रस्ता कितीही मोकळा दिसला तरी. एसटी हेअरपिनला पूर्ण रुंदी घेऊन वळते, ती तुमची बाजू घेणार हे धरूनच चाला. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, सायकलवाल्यानेही.

---

जोतिबा_रोड

भावा, गुलाल इसरू नकोस. जोतिबाच्या रस्त्यावर रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत गुलाल सांडलेला असतोय. कोरडा असला तर काय न्हाई, पण पहाटेचं दव पडलं की त्याचा पातळ थर होतोय आणि टायर सुटतोय. वळणावर गुलाबी पट्टा दिसला की त्याच्यावर ब्रेक मारायचा न्हाई, सायकल सरळ ठेवून पार करायचा. माघातल्या खेट्यांच्या रविवारी तर तिकडं सराव ठेवूच नका. चालत जाणारी भाविक मंडळी रस्ताभर असत्यात, आन् त्यांचा मान पहिला.

दुसरं ऊस. गळीत हंगाम चालू झाला की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गगनबावडा रस्त्यावर, पन्हाळ्याच्या पायथ्याला, सगळीकडं. मागच्या ट्रॉलीला दिवा असंल असं धरू नका. वाऱ्याच्या आडोशाला ट्रॉलीच्या मागं चिकटायचं तर मुळीच न्हाई. ऊस निसटतोय, ट्रॉली डुलत्या आणि पुढचा खड्डा दिसत न्हाई. ओलांडताना आधीच्या ट्रॉलीपुढं आणखी एक ट्रॉली आहे हे ध्यानात ठेवून लांब मोकळा रस्ता बघा. रस्त्यावर पडलेली कांडी ओली असली तर तिरकी ओलांडू नका, काटकोनात घ्या. सावलीच्या वळणांवर शेवाळ डिसेंबरपर्यंत राहतंय, ते पण बघा. रत्नागिरी रस्त्याला चौपदरीकरणाचं काम जिथं चालू असंल तिथं खडी आणि वळवलेला रस्ता मिळणार. आदल्या आठवड्यात एकदा मोटरसायकलनं मार्ग बघून या.

---

पहाट_राइड

पूरक माहिती: डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमाराला होतो. सहाची सुरुवात असेल तर पहिला पाऊण तास अंधारातला. पुढचा दिवा फक्त दिसण्यापुरता नको, खड्डा दाखवणारा हवा, ४०० लुमेनच्या पुढचा. मागचा लाल दिवा स्थिर उजेडावर ठेवा. घोळक्यात लुकलुकता दिवा मागच्याच्या डोळ्यांना त्रास देतो. पन्हाळ्यावर आणि उसाच्या फडांमधून धुकं असतं, चष्म्याच्या काचा पारदर्शक हव्यात. हातांच्या बाह्या (आर्म वॉर्मर) वापरा, जॅकेट नको. चढावर जॅकेटमध्ये घाम येतो आणि उतारावर तो घाम गार पडतो. बाह्या मनगटाकडे ढकलता येतात. उतारासाठी छातीवर, जर्सीच्या आत, वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी वारा अडतो.

---

गूळ_काकवी

खाण्याचं मी लिहिते. सहा तासांच्या राइडला तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे पूर्ण राइडला ३५० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडच्या पदार्थांत हे असं बसतं: २५ ग्रॅम गूळ म्हणजे २३-२४ ग्रॅम कर्बोदकं. मोठं केळं २५, वेलची केळं १२ ते १५. २५ ग्रॅमचा राजगिरा लाडू १८ ते २०. शेंगदाणा चिक्की खिशात छान बसते, पण तिच्यात तेलाचा अंश बराच, चढावर पोटात जड पडते. ती सपाटीवर खा, घाटाच्या तोंडाशी नको.

बाटलीतलं पेय घरीच करा. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ते दोन ग्रॅम मीठ (चहाचा सपाट चमचा साधारण सहा ग्रॅमचा, त्याचा पाव ते एक तृतीयांश), अर्ध्या लिंबाचा रस. साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. ही दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, म्हणून नुसत्या ग्लुकोज पावडरीपेक्षा साखर पोटाला बरी झेपते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्या. असं तासाला अर्धा लिटर प्यायलात तर त्यातून ३० ग्रॅम येतात, उरलेले ३० खाऊन.

ओआरएसच्या पुडीबाबत गैरसमज आहे. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं. ती जुलाबासाठी बनवलेली आहे. मीठ भरपूर देते, ताकद देत नाही. दोन्ही बाटल्यांत ओआरएस भरून निघालात तर चौथ्या तासाला पाय रिकामे होतील. उलट सहा तास नुसतं साधं पाणी पीत राहणंही घातक, रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं.

खायला सुरुवात पहिल्या अर्ध्या तासातच करायची, भूक लागायची वाट बघायची नाही. दर वीस मिनिटांनी घास-दोन घास. चढावर श्वास लागलेला असताना चावता येत नाही, म्हणून घाट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी खाऊन घ्या.

आदल्या रात्री भात, वरण, बटाट्याची भाजी, दही. तांबडा-पांढरा राइड झाल्यावर. तिखट आणि तेल रात्रीचं पोटात राहिलं की वाकून बसल्यावर आंबट वर येतं. सकाळी सुरुवातीच्या दोन तास आधी पोहे किंवा शिरा. ६० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदकं, वर एक केळं घेतलं की झालं. मिसळ नको. यातलं प्रत्येक आधी रविवारच्या राइडला खाऊन बघा. नवीन जेल, नवीन पावडर त्या दिवशी पहिल्यांदा उघडायची नाही.

---

नवा_पेडल

ताई, गूळ खिशात वितळतो, चिकटतो. काय करता येईल?

---

गूळ_काकवी

@नवा_पेडल, बारीक खडे करून सुंठ आणि थोड्या भाजलेल्या तिळात घोळवा, एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येक २५ ग्रॅमची पुडी बटर पेपरमध्ये बांधा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो. पुडी अशी बांधा की एका हाताने आणि दाताने सुटेल.

---

पंचगंगा_घाट

टायरमध्ये हवा किती? दुकानात १२० भरून देतात.

---

स्पोक_निपल

१२० खूप जास्त आहे. ७५ किलोच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय, २८ मिमीत ७० ते ७५, ३२ मिमीत ५५ ते ६०. पुढे मागच्यापेक्षा चार-पाच कमी. रस्ता ओला असेल तर आणखी पाच कमी. वजन कमी असेल तर दर पाच किलोला दोन-तीन पीएसआय उतरवा. फार कडक टायर खडबडीत डांबरावर उसळतो, वळणात पकड सोडतो आणि हातांना थकवतो. हुकलेस रिम (कडेला टायर अडकवणारी खाच नसलेली) असेल तर ७२.५ च्या वर कधीच जायचं नाही, टायर रिमवरून सुटतो.

ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) तीन-चार महिन्यांनी बघावं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब सोबत हवीच.

सोबतचं सामान: दोन ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप, स्वतः चिकटणारे पॅच, चेन ब्रेकर असलेला मल्टिटूल, आपल्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आपल्या फ्रेमचा हँगर (प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही), चार झिप टाय, आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार सेंमीचा तुकडा. तो नसेल तर दुधाच्या पिशवीची घडी तात्पुरती चालते. पंक्चर काढताना ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आत बोटांनी चाचपून काटा काढा. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही, आणि तोच दुसरी ट्यूबही फोडतो.

---

चित्रनगरी_चढ

गुडघा पुढून दुखतोय, उजवा. चढाच्या फेऱ्यांनंतर जास्त. सराव थांबवू का?

---

वळणावळणाने

@चित्रनगरी_चढ, आधी सीटची उंची बघा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच पेडलवर ठेवा, पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे, आणि पुढून दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच. एका वेळी ३-४ मिमीच वर घ्या आणि दोन राइड बघा. एकदम दोन सेंमी वर घेतलीत तर गुडघ्याच्या मागे दुखायला लागेल. दुसरं कारण जड गिअर, ते वर आलंच आहे. आठवडाभर चढ बंद, सपाटीवर ८५-९० फेऱ्यांनी सैल चालवा. सूज असेल, किंवा जिना उतरताना कळ येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फेऱ्या सुरू करू नका.

---

करवीर_चाक

शेवटच्या दहा दिवसांचं लिहायचं राहिलं होतं. सायकलवरचा वेळ निम्मा करा, पण जोर पूर्ण काढू नका. मंगळवारी चारऐवजी दोन फेऱ्या, त्याच वेगाने. शेवटच्या रविवारी ४० किमीपेक्षा जास्त नको. आदल्या दिवशी अर्धा तास, तोही सगळे गिअर आणि ब्रेक तपासायला.

आदल्या संध्याकाळी टॉर्क रेंचने स्टेम ५ न्यूटन-मीटर, सीटपोस्ट त्यावर लिहिलेल्या आकड्याइतका. कार्बन असेल तर कार्बन पेस्ट लावूनच, नाहीतर घट्ट करूनही सीट खाली सरकते आणि पुन्हा गुडघ्यावर येतं. हँडल पुढच्या चाकाशी सरळ आहे का ते वरून बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खटका जाणवला तर आजच काढा, ताशी ५० च्या उतारावर तो हँडल थरथरवतो.

प्रत्यक्ष राइडमध्ये पहिल्या चढाला सगळे पुढे पळतात. त्यांना जाऊ द्या. पहिला चढ असा चढायचा की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. हार्ट रेट बघणाऱ्यांनी सरावात तासभर झेपणाऱ्या ठोक्यांपेक्षा दहा-बारा कमी ठेवावेत. पहिल्या चढावर वाचवलेली दोन मिनिटं शेवटच्या चढावर पंधरा मिनिटांनी परत मागितली जातात. उभं राहून चढायचं ते खड्या वळणावर, वीस-तीस सेकंद, एक गिअर जड करून, आणि लगेच बसायचं.

---

कळंबा_तळे

कट-ऑफ चुकला तर आयोजक सायकल गाडीत घालून आणतात का, की आपली सोय आपण करायची?

---

करवीर_चाक

@कळंबा_तळे, प्रत्येक राइडचे नियम वेगळे, नोंदणी करतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: मागची गाडी किती किलोमीटरच्या फेऱ्यात असते, मधल्या टप्प्यांना वेगळे कट-ऑफ आहेत का, आणि अ‍ॅम्ब्युलन्स घाटाच्या वर उभी असते की खाली. ब्रेव्हे प्रकारच्या (ठरलेल्या वेळेत लांब अंतर स्वतःच्या बळावर कापायच्या) राइडला कोणी उचलायला येत नाही. तिथे २०० किमीला साडेतेरा तास मिळतात आणि सगळी जबाबदारी स्वतःची. अशा वेळी सायकल टाकता येईल असा टेम्पो असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा नंबर आधीच घेऊन ठेवा, आणि तो कागदावरही लिहून सीटखालच्या पिशवीत टाका. घाटात काही ठिकाणी रेंज जाते, पण टपरीवाल्याचा फोन लागतो.

---

नवा_पेडल

कॅसेट ११-३४ मागवली, डिरेलर जीएस निघाला. चेनही नवी घेतोय. बसवल्यावर मोठं-मोठं लावून फोटो टाकतो, पिंजऱ्यातला वाक बरोबर आहे का ते सांगा.

---

स्पोक_निपल

टाका. फोटो उजव्या बाजूने, सायकल सरळ उभी करून, पिंजरा आणि दोन्ही जॉकी व्हील दिसतील असा. आणि लहान-लहान लावूनही एक काढा, खालची चेन लोंबते का ते त्यात दिसेल.